थंडी न पडलेल्या हिवाळ्यात घरामागची वाडी कशी सांभाळावी

दिवाळी होऊन महिना उलटला तरी पहाटे दुसरी चादर अंगावर घ्यावी लागत नाही, अशा वर्षी वाडीतली कामं कॅलेंडर पाहून करू नयेत. झाड काय करतंय, किडा कोणता आलाय, पक्षी कुठे बसतोय हे आधी पाहायचं आणि मगच पाणी सोडायचं, विळा लावायचा किंवा पंप पाठीवर घ्यायचा. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलापासून फार लांब नाही. घरामागे काळ्या मातीची वाडी आहे. त्यात वांगी, भेदरं (टोमॅटो), सांभार (कोथिंबीर), पालक, लसणाचे वाफे, कुंपणावर चढलेले वाल आणि पोपटाच्या शेंगांचे वेल, दोन संत्र्याची झाडं, एक आंबा, एक कढीपत्ता आणि कोपऱ्यात कडुनिंब. खाली लिहिलेलं सगळं या वाडीत पाहून आणि करून लिहिलं आहे. तुमची वाडी अकोल्याला असो की गोंदियाला, पाहायची रीत तीच राहील.

आधी रात्र मोजा

हिवाळा सौम्य आहे की नाही हे दुपारच्या उन्हावरून कळत नाही. आमच्याकडे कडाक्याच्या थंडीतही दुपारी ऊन लागतंच. फरक पडतो तो पहाटेच्या पाऱ्यात. उत्तरेचा कोरडा वारा आणि निरभ्र आकाश असलं की रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते आणि पहाट गारठते. नागपूरला 2018 च्या डिसेंबरअखेर पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, तो असाच. वारा पूर्वेकडून, बंगालच्या उपसागराकडून वाहू लागला की ढग येतात. ते ढग रात्रीची ऊब वर जाऊ देत नाहीत आणि डिसेंबरातही पहाट पंधरा-सोळा अंशांवर अडकते.

कमाल-किमान दाखवणारा एक साधा थर्मामीटर घ्या. तो पडवीत सावलीला, छातीच्या उंचीवर टांगा. टिनाच्या पत्र्याखाली किंवा चुलीच्या भिंतीला टांगू नका, आकडा चुकतो. सूर्य उगवायच्या सुमारास पाहायचं, वहीत लिहायचं. आठवडाभर सलग 14-15 च्या खाली उतरत नसेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

भाज्या: कोणाला मानवतं, कोणाला नाही

भेदरं, वांगी, मिरची यांना असा हिवाळा मानवतो. भेदराला फळ धरायला रात्री साधारण 15 ते 20 अंश लागतात, म्हणून एरवी डिसेंबरात फुलं गळतात तिथे या वर्षी घोस लागतात. झाडाला आधार लवकर द्या, खालची जमिनीला टेकणारी पानं काढा. भेंडी एरवी जानेवारीत खुरटून बसते, ती चालू राहते.

लसूण मात्र रुसतो. त्याला गड्डा बांधायला गारवा लागतो. तो नाही मिळाला की पात हिरवीगार आणि खाली बारीक कांदी, कधी एकच पाकळी. खत वाढवून यावर उपाय होत नाही, उलट पातच वाढते. जानेवारीच्या मध्याला एक-दोन रोपं उपटून पाहा. खाली फुगवटा दिसत नसेल तर निम्मा वाफा पातीसाठी धरा. लसणाची पात, हिरवी मिरची आणि शेंगदाणे पाट्यावर वाटून केलेली चटणी भाकरीबरोबर इतकी चांगली लागते की वाफा वाया गेला असं कोणी म्हणणार नाही. फुलकोबीचंही तसंच, उबेत गड्डा सैल होतो आणि दाणेदार पडतो. उशिराच्या थंडीच्या जाती अशा वर्षी लावूच नयेत.

सांभार आणि पालक लवकर फुलावर येतात. सांभार एकदम पेरू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतराने वीतभर रुंदीच्या ओळी टाकत जा, म्हणजे एक ओळ फुलली तरी दुसरी कोवळी हाताशी असते. फुलावर आलेली पहिली ओळ उपटून टाकायची नाही. ती का ठेवायची ते पुढे येतं.

उन्हाळी वेलांची घाई थोडी करता येते. काकडी, दुधी, ढेमसं आमच्याकडे संक्रांतीनंतर, फेब्रुवारी लागता लागता टाकतात, कारण गार मातीत बी कुजतं. पहाटेचा पारा सलग 15 च्या वर असेल तर संक्रांतीच्या आठवड्यातच बी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवा आणि मोड दिसला की लावा. पण सगळं बी एकदम लावू नका. जानेवारीच्या शेवटी एखादी थंडीची लाट येऊ शकते, आणि फेब्रुवारीत विदर्भात कधी गारपीटही होते. निम्मं बी डब्यात राहू द्या.

मावा आला म्हणून लगेच पंप उचलू नका

ढगाळ, दमट, उबदार हवेत सर्वांत आधी वालाच्या आणि पोपटाच्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. याची मादी नराशिवाय पिलं टाकते, अंडी न घालता सरळ जिवंत पिलं, आणि आठ-दहा दिवसांत ती पिलंही मोठी होऊन पिलं टाकू लागतात. म्हणून आज दोन शेंड्यांवर दिसलेला मावा पुढच्या आठवड्यात कुंपणभर दिसतो. घाबरायला होतं ते खरं आहे. पण याच वेळी जवळ जाऊन पाहावं लागतं.

सकाळी नऊच्या सुमारास, दव सुकल्यावर, एक शेंडा हलक्या हाताने उलटा करा. माव्याच्या गर्दीत राखाडी-काळी, लांबट, सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली अळी फिरताना दिसेल. ती एक मावा पुढच्या पायांनी धरते, शोषते, रिकामं कातडं सोडते आणि पुढच्याकडे वळते. ही ढालकिड्याची अळी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो आणि आवडतो, पण त्याची ही अळी कोणी ओळखत नाही. नुकसान करणारी समजून लोक चिरडतात. माझी पुतणी चिरडायला निघाली तेव्हा सासूबाई पडवीतूनच ओरडल्या, "काहून मारून रायली व त्याईले? मावा खाऊन रायले ते." त्यांना नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं.

आणखी तीन खुणा शोधा. पानाच्या मागे पिवळ्या-नारिंगी, उभ्या रचलेल्या बारीक अंड्यांचा पुंजका असेल तर ती ढालकिड्याची अंडी. केसाएवढ्या बारीक दांड्यावर एकेक पांढरं अंडं टेकलेलं दिसलं तर ते क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या किड्याचं. त्याची अळीही मावाच खाते. आणि माव्यांमध्ये काही फुगलेले, तपकिरी, जागेवरच चिकटून कडक झालेले दिसले तर नीट पाहा, पाठीला गोल भोक असेल. मुंगीपेक्षा लहान गांधीलमाशीने त्या माव्यात अंडं घातलं होतं, तिचं पिल्लू आतून खाऊन मोठं झालं आणि त्या भोकातून उडून गेलं.

आता दहा शेंडे मोजा. त्यातल्या निम्म्याहून अधिक शेंड्यांवर यांपैकी काहीतरी असेल तर चार-पाच दिवस काहीही फवारू नका, फक्त जास्त भरलेला कोवळा शेंडा खुडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. वेलावर मुंग्यांची रांग चढत असेल तर ती तोडा. माव्याचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्यासाठी त्या ढालकिड्याला हाकलतात. वेलाच्या बुडाशी राख टाका किंवा कुंपणाला टेकलेली गवताची काडी काढून वाट मोडा.

मित्रकिडे दिसलेच नाहीत आणि मावा वाढतच असेल तरच निंबोळी अर्क. जून-जुलैत वेचून वाळवलेल्या निंबोळ्या कुटून ठेवलेल्या असाव्यात. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम चूर्ण, रात्रभर भिजवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं, चिमूटभर कपड्याच्या साबणाचा चुरा विरघळवायचा आणि संध्याकाळी फक्त शेंड्यांवर मारायचं. सकाळी कधीच नाही, कारण त्या वेळी मधमाश्या फुलांवर असतात. आणि हा अर्क त्याच दिवशी संपवायचा.

फुलावर आलेली सांभाराची ओळ इथे कामाला येते. त्या पांढऱ्या बारीक फुलांवर फुलोरी आणि सातेरी मधमाश्या आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी स्थिर राहणारी सिरफिड माशी येते. ती मोठी झाल्यावर मध पिते, पण तिची बिनपायांची हिरवट अळी माव्यावर जगते. ओळ फुललेली राहिली तर ती वाडी सोडून जात नाही, आणि शेवटी धणेही मिळतात.

कढीपत्त्यावरची अळी आणि हरभऱ्यातली अळी

दोन्ही अळ्याच, पण वागणूक वेगळी ठेवायची. कढीपत्ता, लिंबू किंवा संत्र्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यागत काळी-पांढरी अळी दिसेल. मोठी झाली की तीच हिरवी होते. गवताच्या काडीने हळूच डिवचा: डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. थोडं थांबलं की शिंगं पुन्हा आत. हे लिंबावरचं पिवळं-काळं फुलपाखरू. झाड मोठं असेल तर राहू द्या, पाच-सहा अळ्यांनी मोठ्या झाडाचं काही बिघडत नाही. कुंडीतलं वीतभर रोप असेल तर अळ्या पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवा. थंड वर्षी यांची वाढ मंदावते. उबदार वर्षी हिवाळाभर दिसत राहतात, म्हणून लहान रोपं आठवड्यातून दोनदा पाहायची.

घाटे अळीला मात्र मोकळीक द्यायची नाही. वाडीत हरभऱ्याच्या चार ओळी असल्या तरी ती येते, अर्धं अंग घाट्यात आणि अर्धं बाहेर ठेवून दाणा खाते. तिच्यावर सर्वांत सोपा उपाय पक्षीथांबा आहे. पिकापेक्षा दीड-दोन फूट उंच राहील अशी तुराटी किंवा बांबूची काडी रोवायची, वर आडवी काडी बांधायची. वावरात एकरी 20 थांबे सांगतात, वाडीत दोन पुरतात. ढगाळ सकाळी कोतवाल त्यावर येऊन बसतो. तो खाली झेपावतो, अळी घेऊन परत त्याच काडीवर येतो, आपटतो आणि गिळतो. साळुंक्या मात्र काडीवर कमी आणि ओळींमधून चालत जास्त वेचतात. थांब्याखाली पांढऱ्या शिटांचे डाग वाढले की समजा, काम चालू आहे. दर मीटर ओळीत एक-दोन अळ्यांपेक्षा जास्त सापडू लागल्या तरच फवारणीचा विचार करा आणि तो जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून.

आंबा आणि संत्रा

आंब्याला मोहोर फुटायला गार रात्री लागतात. त्या मिळाल्या नाहीत की डिसेंबर-जानेवारीत मोहोराऐवजी तांबूस कोवळी पालवी येते. अशी पालवी पाहून झाडाला पाणी द्यायचा मोह होतो. देऊ नका, पालवी आणखी वाढेल. मोहोर उशिरा येऊ शकतो. तो येऊन वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसल्यावरच पाणी. मोहोरावर चिकट थेंब आणि काळी बुरशी दिसली तर तुडतुडे आहेत. फांदी हलवली की ते टपटप उडतात. आतल्या दाटीच्या वाळक्या फांद्या काढून हवा खेळती ठेवली तर ते कमी राहतात.

संत्र्याचा आंबिया बहारही (हिवाळ्याच्या शेवटी येणारं फूल) याच थंडीवर आणि पाणी तोडण्यावर उभा असतो. उबदार, ढगाळ वर्षी फूल तुटक येतं. त्यातून अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो. आळ्याभोवती मातीची उतार असलेली भर घालून पावसाचं पाणी बुंध्यापासून बाहेर काढा. पानं फिकी पडून थोडी गळू लागेपर्यंत पाणी सोडायचं नाही.

पालापाचोळा जाळू नका

आमच्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला, नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप खताची पद्धत उभी केली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच विटांचं टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं, आत पाला, शेण आणि मातीचे थर. तीन-चार महिन्यांत खत. घरच्या वाडीला त्याच्या निम्म्या आकाराचं टाकं पुरतं, आणि सौम्य हिवाळ्यात आतली ऊब टिकते म्हणून कुजण्याचं काम थांबत नाही. ओल तेवढी सांभाळा: मूठभर घेऊन दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये.

जानेवारीत टाकं उकरलं की बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघतात. लोक लगेच मुळं खाणारी हुमणी म्हणून कोंबड्यांपुढे टाकतात. थांबा. एक अळी सपाट जमिनीवर किंवा ताटात ठेवा आणि पाहा. ती पाठीवर उलटी होऊन, पाय आभाळाकडे करून, पाठीच्या वळ्यांनी सरकू लागली तर ती फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्याची अळी आहे. ती कुजलेला पाला खाते, जिवंत मुळं नाही. तिच्या लेंड्यांनी खत बारीक होतं, परत टाक्यात सोडा. कुशीवर वाकडी पडून पायांनी खुरडत राहिली, पाठीवर गेलीच नाही, तर ती हुमणी असू शकते, ती काढा. मुलांना हे दाखवा. एकदा पाहिलं की ती स्वतःहून टाक्याची राखण करतात.

टाक्याच्या बाजूला, उघड्या मातीवर, ऑक्टोबरपासून थिरथिरा हा छोटा पक्षी येतो. नर काळा, पोट आणि शेपूट विटकरी तांबडी; मादी मातकट, पण शेपूट तशीच. भिंतीवर बसला की शेपटी सतत थरथरते. जमिनीवरचे मुंग्या-किडे टिपून खातो. त्याच्यासाठी काहीही विकत आणावं लागत नाही, फक्त वाडीचा एक कोपरा मोकळा, न झाकलेला ठेवायचा. पाण्यासाठी मातीचं उथळ परळ ठेवा, दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड. पाणी रोज बदलायचं आणि परळ घासायचं. उबदार हिवाळ्यात डास थांबत नाहीत आणि डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. रांजण, टाकी, कुलरचं तळ यांनाही आठवड्यातून एकदा हाच नियम.

जानेवारीच्या शेवटी जास्वंदीवर येणारा शिंजीर नीट पाहा. नराच्या पिवळ्या अंगावर निळे-जांभळे ठिगळ दिसू लागले की त्याचा विणीचा वेश येतो आहे. मादी एकटी घरटं विणते, कोळ्याच्या जाळ्यांनी बांधून, बरेचदा पडवीतल्या तारेला लोंबतं. त्यासाठी पडवीचा एक कोपरा जाळ्यांसकट तसाच राहू द्या.

पऱ्हाट्यांचा ढीग

हे काम सर्वांत आधी करायचं आहे. कापूस निघाला की त्याच्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या घराच्या भिंतीला लागून रचल्या जातात. ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे साप. कडक थंडीत साप कमी दिसतात, पण अशा हिवाळ्यात फिरत राहतात. घोणस तर जोडीसाठी याच महिन्यांत बाहेर पडते आणि दुपारी ढिगाजवळ उन्हात वेटोळं करून पडते. वाळक्या पाल्यात ती ओळखू येत नाही.

ढीग घरापासून लांब, दगडांवर फूटभर उचलून रचा, म्हणजे खालून आरपार दिसेल. काडी ओढण्याआधी लांब काठीने ढिगावर दोनदा आपटा, आत सरळ हात घालू नका. संध्याकाळनंतर वाडीत टॉर्च आणि बूट हवेतच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. साप घरात दिसला तर मारायला जाऊ नका, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

कोणाला दंश झालाच तर बांगड्या, अंगठी, पैंजण लगेच काढा, कारण सूज येते. दोरी आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका, हात-पाय हलणार नाही असा आधार देऊन 108 ची गाडी बोलवा आणि सरळ सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिसर्पविष तिथे मिळतं. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला तास परत येत नाही.

वही

शाळेची शंभर पानी वही पुरते. तारीख, पहाटेचा पारा, ढग की निरभ्र आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसलेली गोष्ट: पहिला मावा, ढालकिड्याची पहिली अळी, आंब्याचा पहिला मोहोर, पळसाची पहिली कळी, थिरथिऱ्याचा पहिला आणि शेवटचा दिवस. दोन-तीन हिवाळे झाले की तुमच्या वाडीसाठी मावा कधी पाहायचा आणि काकडी कधी लावायची हे ही वहीच सांगते, बाहेरच्या कोणाला विचारावं लागत नाही.

फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते. भारत त्यात 2013 पासून आहे. पडवीत बसून 15 मिनिटं दिसलेले पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर मोबाइलमधून भरायचे. शहरांतून खूप नोंदी जातात, आपल्या खेड्यांतून फार थोड्या. साळुंकी, होला, बुलबुल, कोतवाल एवढेच दिसले तरी भरा. ओळखता न आलेल्या पक्ष्याचं नाव अंदाजाने लिहू नका, त्याचा रंग, शेपटी आणि तो काय करत होता ते वहीत लिहून ठेवा.